ऐकू येतंय त्यांनी हात वर करा

ही गोष्ट अजून घडायची आहे. घडेल तेव्हा तुम्ही आई-बाबा झालेले असाल आणि आपल्या पोरांना "उगाच कुरकुर करू नकोस" असं सांगत असाल. तेव्हा तुम्हाला ही आठवावी म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. सोयीसाठी घडून गेल्यासारखी सांगतो, एवढंच.

मिरजेच्या बाहेर एक लांबलचक बैठी इमारत होती. तिच्या एका टोकाला 'ओसरी', म्हणजे ज्यांना सांभाळायला घरी कुणी नाही अशा म्हाताऱ्या माणसांचं घर. दुसऱ्या टोकाला 'अंगण', म्हणजे ज्यांना आई-वडील नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, अशा मुलांचं घर. दोन्ही घरांच्या मध्ये भिंत आणि भिंतीत एक दार. ते दार वर्षानुवर्षं बंद होतं, कारण ते उघडावं असं कुणाला सुचलंच नव्हतं. मोठ्या माणसांना सोप्या गोष्टी उशिरा सुचतात. एका उन्हाळ्यात दोन्ही घरांच्या व्यवस्थापक बाबर मॅडम यांना सुचलं. त्यांनी दार उघडलं आणि ठरवलं, की रोज संध्याकाळी तासभर मुलांनी ओसरीच्या मोठ्या दिवाणखान्यात जायचं.

मुलांची चंगळ झाली. ओसरीतल्या आज्या त्यांच्यासाठी स्वतःच्या हातानं खाऊ करू लागल्या. चार वर्षांचा गुंडू रोज नवी मांडी शोधून तिच्यावर झोपायचा. अकरा वर्षांची कस्तुरी मात्र इकडेतिकडे न बघता थेट खिडकीजवळच्या कोपऱ्यात जायची. तिथं नवाजचाचा बसलेले असत.

नवाजचाचा म्हणजे बंदेनवाज शिकलगार. त्यांनी जन्मभर तंबोरे बनवले. हात थरथरायला लागले, चाची गेल्या, आणि चाचा ओसरीत आले ते बोलणं सोडूनच. उशाशी एक तंबोरा ठेवून ते भिंतीकडे बघत पडून असत. पहिल्या दिवशी कस्तुरीनं त्या तंबोऱ्याच्या तारेखालचा दोरा बघितला आणि विचारलं, "ह्यो दोरा कशाला ओ हितं?" चाचा उठून बसले. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली सुती दोरा सरकवतात, तो नेमक्या जागी आला की तार नुसती वाजत नाही, तिच्यातून बारीक बारीक वरचे सूर झरायला लागतात, त्याला जवारी लागली असं म्हणतात, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. ओसरीतल्या लोकांनी त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतर रोज चाचा दोरा केसभर सरकवायचे, तार छेडायचे आणि विचारायचे, "लागली का गं? तुला काय वाटतंय?" कस्तुरीला आजवर लोकांनी जेवलीस का, अभ्यास केलास का, एवढंच विचारलं होतं. तुला काय वाटतं, हे विचारणारं तिच्या आयुष्यातलं हे पहिलंच माणूस. ते माणूस आपलं आहे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता कोडं ऐका. दार उघडल्यापासून मुलं आजारी पडू लागली. संध्याकाळी उड्या मारत जायची आणि तासाभरानं डोकी धरून परत यायची. गुंडू रडायचा, मुठींनी कान चोळायचा. दोघा-तिघांना तर उलट्या झाल्या. डॉक्टरांनी डोळे तपासले, घसा तपासला, रक्त तपासलं. सगळं ठणठणीत. मुलांना विचारलं तर ती एकमेकांकडे बघायची आणि म्हणायची, "काय न्हाई, बरं हाय."

शेवटी बाबर मॅडमनी सोबतींना विचारायचं ठरवलं. सोबती हे ओसरीतले तीन यंत्रमानव (माणसाची कामं करणारी, विचार करू शकणारी यंत्रं). दिसायला माणसासारखे मुळीच नव्हते. चाकांवरचा कंबरेइतका उंच गोल डबा, त्याला दोन लांब हात आणि वर एक हिरवा दिवा. म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून ते त्यांच्या मागेपुढे फिरत, तोल गेला की धरत. तिघेही सगळं टिपत, सगळं लक्षात ठेवत आणि खोटं कधी बोलत नसत.

दिवाणखान्यात सगळे बसलेले असताना एका सोबतीनं आपला निष्कर्ष (माहितीवरून काढलेलं उत्तर) सांगितला.

"मुलं ज्या ज्या दिवशी आजी-आजोबांकडे आली, त्या त्या दिवशी त्यांची डोकी दुखली. आली नाहीत तेव्हा दुखली नाहीत. जास्त वेळ थांबली तेव्हा जास्त दुखली. मुलांच्या त्रासाचा संबंध आजी-आजोबांच्या सहवासाशी आहे. उपाय म्हणजे दोघांना वेगळं ठेवावं."

सगळ्यांना धक्का बसला होता. गुंडू ज्यांच्या मांडीवर होता त्या आजींनी त्याला हळूच उचलून खाली ठेवलं आणि आपले हात पदराखाली घेतले. जणू त्या हातांनाच काहीतरी लागलं होतं. गुंडू पुन्हा चढायला लागला, तर त्या मागं सरकल्या.

"आमच्यामुळे?" कुणीतरी विचारलं.

बाबर मॅडमचा चेहरा उतरला होता. दार त्यांनीच उघडलं होतं. त्या म्हणाल्या, "मलाही हे पटत नाही. पण पोरं माझ्या जबाबदारीवर आहेत, त्यांना त्रास होताना बघत बसू शकत नाही. उद्यापासून दार बंद राहील. आजचा तास तेवढा नीट घालवा."

कस्तुरी चाचांच्या कोपऱ्यात गेली. चाचांनी तंबोरा पुढं ओढला. दुसरं काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं. त्यांनी दोरा सरकवला, तार छेडली आणि नेहमीसारखं विचारलं, "लागली का गं, पोरी?"

"कळंना झालंय, चाचा. आज तिघंबी हितं जवळच हाईत नव्हं. त्यांच्या कीं-कींमधी वरचे सूर गावंनात."

"कसली कीं-कीं?"

"हीच की. कानात सुई घातल्यागत वाजतंय ते."

चाचांनी मान तिरपी करून कान दिला. मग दुसऱ्या बाजूचा कान दिला. "मला तर काय ऐकू येत न्हाई," ते म्हणाले.

पलीकडच्या खुर्चीत शेवडे आजी बसल्या होत्या. या आजी म्हणजे ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणाऱ्या वैज्ञानिक). सगळं आयुष्य प्रयोगशाळेत काढून निवृत्त झाल्यावर त्या ओसरीत राहायला आल्या होत्या. स्वभावानं थोड्या खडूस. दुसऱ्यांच्या बोलण्यात त्या सहसा पडत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी काठी टेकली आणि त्या उभ्या राहिल्या.

"कस्तुरी, आत्ता, या क्षणी वाजतंय?"

"व्हय."

"कुठून?"

कस्तुरीनं सोबतीकडे बोट दाखवलं. शेवडे आजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्या पुन्हा खाली बसल्या, आणि बसल्या बसल्याच म्हणाल्या, "बाबर मॅडम, दार बंद करायच्या आधी मला एक प्रयोग करू द्या."

सगळ्या मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. डोळे मिटायला सांगितले, म्हणजे कुणी कुणाचं बघून काही करणार नाही. "कीं-कीं ऐकू येतंय त्यांनी हात वर करा. थांबली की खाली घ्या," आजी म्हणाल्या. सगळ्याच्या सगळ्या मुलांचे हात वर गेले. दिवाणखान्यात तर टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता होती.

आजींनी बाबर मॅडमना खूण केली. मॅडमनी पावलं न वाजवता जाऊन तिन्ही सोबतींची बटणं बंद केली. सगळे हात एकदम खाली आले. पुन्हा सुरू केली, हात वर. मग मॅडम नुसत्याच सोबतीपर्यंत जाऊन आल्या, बटणाला हात लावला नाही. हातही हलले नाहीत.

"देवा," बाबर मॅडम पुटपुटल्या आणि तिन्ही सोबती बंद करून टाकले.

"डोळे उघडा रे," शेवडे आजी म्हणाल्या. "आता बसा सगळे आणि नीट ऐका. चूक माझी आहे."

"सोबतीला आपल्यासारखं दिसत नाही," त्या सांगू लागल्या. "तो वटवाघळासारखा वागतो. आवाज सोडतो, तो आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो. किती वेळात परत आला त्यावरून वस्तू किती लांब आहे ते त्याला कळतं. आता आवाज म्हणजे काय? हवेची थरथर. एका सेकंदात हवा जितक्या वेळा थरथरते त्या आकड्याला म्हणतात वारंवारता, आणि ती मोजतात हर्ट्झमध्ये. ढोलाची कमी, शिट्टीची जास्त. माणसाला साधारण वीस हर्ट्झपासून वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. त्याच्या वरचा तो श्राव्यातीत ध्वनी (माणसाच्या ऐकण्यापलीकडचा आवाज). सोबती आला तेव्हा चाळीस हजारांचा आवाज सोडत होता."

"मग आमाला कसा ऐकू आला?" कस्तुरीनं विचारलं.

"कारण मी तो खाली आणला. जितका आवाज उंच, तितका तो हवेत लवकर विरतो. आपला दिवाणखाना लांबलचक. सोबतीचा आवाज पलीकडच्या टोकापर्यंत पोचेना, म्हणून सोबती खुर्च्यांना धडकायला लागला. मी म्हटलं, सतरा हजारांवर आणू, लांब जाईल. माणसांना त्रास होतोय का तेही मी तपासलं. इथे बसलेल्या प्रत्येकाला विचारलं, ऐकू येतंय का? एकूण एक जण नाही म्हणाला. मी खूश झाले."

त्यांनी मुलांकडे बघितलं. "तेव्हा दार बंद होतं. मी ज्यांना विचारलं त्यात साठीच्या आतलं कुणीच नव्हतं."

हे बऱ्याच जणांना कळलं नाही. म्हणून आजींनी आपल्या खोलीतून एक छोटं यंत्र मागवलं. त्याचं बटण फिरवलं की हवा तितका उंच सूर निघत असे. आता लहान-मोठ्या सगळ्यांनी डोळे मिटायचे होते. ऐकू येतंय तोवर हात वर, ऐकू यायचं थांबलं की हात खाली आणि डोळे उघडायचे.

सूर सुरू झाला. सगळे हात वर होते. आठ हजारांच्या आधीच नवाजचाचांचा हात खाली आला. मग बऱ्याच आजी-आजोबांचे आले. बारा हजारांपर्यंत ओसरीतला एकही हात वर राहिला नाही, शेवडे आजींचाही नाही. थोड्या वेळानं बाबर मॅडमनी हात खाली घेतला. सोळा हजारांच्या जवळ ओसरीतल्या पस्तिशीच्या नर्स सिस्टरनीही घेतला. सतरा हजारांवर यंत्र थांबलं.

मोठ्या माणसांनी डोळे उघडून समोर बघितलं. खोली त्यांच्या लेखी अगदी निःशब्द होती. आणि त्या निःशब्द खोलीत अंगणातली सगळी मुलं डोळे घट्ट मिटून, हात वर करून उभी होती. गुंडूनं दुसऱ्या हातानं एक कान दाबून धरला होता.

एक आजोबा रडायला लागले. आजींनी घाईघाईनं यंत्र बंद केलं.

"आपल्या कानात आत," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक इवलीशी नळी असते. तिच्यात केशपेशी (केसासारखी बारीक टोकं असलेल्या पेशी) असतात. कुठलाही आवाज आला की त्यातल्या ठरावीक पेशी डोलतात आणि मेंदूला कळवतात. सगळ्यात उंच आवाज ओळखणाऱ्या पेशी असतात नळीच्या तोंडाशी. वय वाढतं तशा त्याच आधी निकामी होतात, आणि गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. एका दिवसात जात नाहीत, म्हणून आपल्याला कळत नाही. आपल्याला वाटतं, जग पूर्वीइतकंच वाजतंय."

"पण सोबती म्हणाला की आमच्यामुळे," गुंडूला खाली ठेवणाऱ्या आजींनी विचारलं.

"तो खोटं बोलला नाही. मुलं आली की डोकं दुखतं, हे खरंच होतं. पण दोन गोष्टी सोबत घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. तिसरंच काही मध्ये असू शकतं. मुलं आली की दिवाणखान्यात गर्दी होते. गर्दी झाली की कुणी पडू नये म्हणून तिन्ही सोबती इथे येतात आणि जास्त जास्त आवाज सोडतात. दुखणं त्या आवाजाचं होतं. त्याला स्वतःचा संशय येईना, कारण दुसऱ्यांचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून तो आपला आवाज हिशेबातून वगळतो."

त्या आजींनी हात पुढं केले. गुंडू चढून बसला.

बाबर मॅडम मात्र कस्तुरीकडे बघत होत्या. "तुम्हाला सगळ्यांना रोज ऐकू येत होतं. डोकी फुटायची वेळ आली. मग एकानंही सांगितलं का नाही?"

मुलांनी माना खाली घातल्या. शेवटी कस्तुरीच बोलली.

"मीच म्हटलं सगळ्यांस्नी, सांगू नका. तक्रार केली तर दार लावतील. आणि मला वाटलं, आजी-आजोबांना बी ऐकू येतंय. त्ये दिवसभर सोसत्यात. आमाला तर एकच तास."

बाबर मॅडम मुलांचं सगळं करत होत्या, जेवण, कपडे, शाळा, औषधं. या मुलांना तक्रार करायची भीती वाटते, हे त्यांना या क्षणी कळलं, आणि सोबतीच्या निष्कर्षापेक्षा मोठा धक्का त्यांना याचा बसला. त्या मुलांसमोर जमिनीवर बसल्या. "दार बंद होणार नाही," त्या म्हणाल्या. "कुणी कितीही तक्रारी केल्या तरी होणार नाही. ऐकलंत ना? हे तरी ऐकू आलं ना सगळ्यांना?"

कस्तुरीला आनंदानं ओरडावंसं वाटलं. ती चाचांकडे वळली. चाचा तंबोऱ्याकडे बघत बसले होते, पहिल्यासारखे, भिंतीकडे बघायचे तसे.

"आठ हजारांच्या आधीच हात खाली आला माझा," ते म्हणाले. "म्हणजे किती वर्षं झाली असतील गं? मला वाटायचं, आता लाकूडच चांगलं मिळत न्हाई, तारा बी हलक्या यायला लागल्या. म्हणून पहिल्यागत जवारी लागत न्हाई. लागत होती. मला ऐकू येत नव्हती. बहिरा माणूस तंबोरे करत बसला होता."

सोबती बंद होते. कस्तुरीच्या कानांना त्या दिवाणखान्यात पहिल्यांदाच खरी शांतता मिळाली होती. तिनं हात पुढं करून तार छेडली आणि ऐकत राहिली.

"चाचा, तार एवढीशी उतरलीय का?"

"एवढीशी नव्हं, चांगलीच उतरलीय," चाचा बसल्या जागेवरून म्हणाले. "तुला कळलं न्हाई व्हय?"

"मला एवढं न्हाई कळलं. मला नुसतं वरचं झरतंय ते कळतंय." ती जवळ सरकली. "तुमी खालचं ऐका. वरचं मी सांगते."

चाचांनी खुंटी पिळून तार चढवली आणि दोरा सरकवला. "लागली?" "न्हाई." पुन्हा सरकवला. "आता?" "जवळ आलीय." पुन्हा. कस्तुरीनं डोळे मिटले आणि काही न बोलता हात वर केला. चाचांनी दोरा तिथंच सोडला. त्यांना स्वतःला ते वरचे सूर ऐकू आले नाहीत. पण कस्तुरीचा चेहरा दिसत होता, आणि त्यांनी जन्मभर जवारी लागल्यावर माणसांचे चेहरे बघितले होते. ते हसले.

सोबतींचा आवाज पुन्हा चाळीस हजारांवर गेला. दिवाणखान्यात त्यांना सहा नवे भाऊ, म्हणजे आणखी सहा सोबती मिळाले, त्यामुळे एकेकाचा आवाज लांबवर पोचायची गरजच राहिली नाही. शेवडे आजींनी त्यांना एक गोष्ट शिकवली. कुठलाही निष्कर्ष सांगायच्या आधी सोबती आता थांबतो आणि विचारतो, "यात माझा काही हात आहे का?" असं विचारणारी माणसंही पुढेमागे तयार होतील, अशी शेवडे आजींना आशा आहे.

आणि दुसऱ्या दिवसाचं राहिलंच. संध्याकाळी आज्यांनी मुलांना उपीट केलं होतं. ज्यांनी केलं त्या आजींनी चव बघितली होती, शेजारणीला दाखवली होती, दोघींनाही ते उत्तम वाटलं होतं. मुलं खाली मान घालून खात होती. गुंडूनं दोन घास खाल्ले, बशी ढकलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खारट हाय."

सगळी मुलं दचकून बाबर मॅडमकडे बघायला लागली. कस्तुरीच्या हातातला चमचा तसाच राहिला. अंगणातल्या मुलानं सगळ्यांदेखत तक्रार करायची ही पहिलीच वेळ होती.

शेवडे आजी उठल्या. गुंडूच्या बशीतलं उपीट चमचाभर घेऊन त्यांनी सावकाश खाल्लं. त्यांना त्यात मीठ अगदी बेताचं वाटलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "मुलांनो," त्या म्हणाल्या, "खारट लागतंय त्यांनी हात वर करा."